गिऱ्हाइकांच्या चौकशीस उत्तर देणारा यांत्रिक कारकून : तो पारखून कसा घ्यावा

आंब्याचा हंगाम भरांत आला म्हणजे बागाईतदाराचे दोन्ही हात झाडावर गुंतलेले असतात, आणि नेमका त्याच वेळीं त्याच्या खिशांतला फोन वाजूं लागतो. हातांत झेला, खालीं क्रेट घेऊन उभा असलेला गडी, डोक्यावर वैशाखाचें ऊन; अशा स्थितींत पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकास पेटी किती डझनाची, भाव काय आणि माल पोंचणार केव्हां, हें कोणीं सांगत बसावें? संध्याकाळीं घरीं येऊन फोन उघडावा तों त्यांत पन्नाससाठ निरोप येऊन पडलेले असतात. एकेकास उत्तर लिहावें तर पुष्कळांकडून असें कळतें कीं, "आम्हीं दुपारींच दुसरीकडे सांगितलें." वर्षभर राखलेल्या फळास गिऱ्हाईक आपण होऊन विचारीत आलें आणि उत्तराअभावीं परत गेलें, ही हळहळ ज्यांनीं आपला माल थेट विकण्याचा प्रयत्न केला आहे त्यांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

राजापूर तालुक्यांत आमच्या पुतण्याची हापूसची बाग आहे. तो व शेजारचे पांच बागाईतदार मिळून पेट्या एकत्र विकतात. आम्ही महसूल खात्यांतून कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून या मंडळींचें हिशेबाचें व पत्रव्यवहाराचें काम पाहतों. या नात्यानें गेलीं दोन वर्षें 'चॅटबॉट' नांवाच्या यंत्राशीं आमचा जो संबंध आला, त्यांत आम्ही एकदां चांगलेच फसलों व मागाहून थोडेंबहुत शिकलों. तेंच येथें सांगण्याचा विचार आहे.

चॅटबॉट म्हणजे फोनवर आलेल्या लेखी प्रश्नास माणसाच्या ऐवजीं आपोआप लेखी उत्तर देणारी योजना. पी. एम. किसानच्या हप्त्यांविषयींच्या शंकांकरितां सरकारनें २०२३ सालीं 'किसान ई-मित्र' सुरू केला, तो याच जातीचा. मात्र तो केवळ माहिती देतो. व्यापारी लोकांचा चॅटबॉट याच्या पुढें एक पाऊल जातो. तो विचारणा करणाऱ्याचें नांव, गांव व गरज काढून घेतो आणि विक्री करणाऱ्यापुढें ती यादी ठेवतो. अशा संभाव्य गिऱ्हाइकास ते 'लीड' म्हणतात. आमच्या दप्तरी भाषेंत सांगावयाचें तर ही आवक बारनिशी होय : कागद आला केव्हां, कोणाचा, कशाबद्दल, आणि पुढें कोणाकडे गेला.

पहिल्या वर्षीं आमच्याकडे एका कंपनीचा तरुण प्रतिनिधि आला. त्यानें लॅपटॉपवर त्या यंत्रास इंग्रजींत चारसहा प्रश्न विचारून दाखविले व यंत्रानें अशीं गोड आणि घोटीव उत्तरें दिलीं कीं, आमची सर्व मंडळी खूष झाली. आम्ही स्वतः तीस वर्षें लोकांच्या अर्जांतील खाचाखोचा काढण्यांत घालविलीं. पण त्या दिवशीं आम्हीं एकहि उलट प्रश्न विचारला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पैसे भरले आणि मार्चपासून यंत्र कामाला लागलें.

एप्रिलच्या मध्यास पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. हे गृहस्थ आमच्या वडील बंधूंच्या वेळेपासून दरसाल आमच्याच बागेचा आंबा घेत आलेले. त्यांच्या सूनबाईंनीं यंत्रास "आंबा देवगडचा आहे ना?" असें विचारलें होतें आणि यंत्रानें "होय, अस्सल देवगड हापूस" असें ठोकून दिलें होतें! बाग राजापूरची, पेटीवर नांव राजापूरचें, आणि उत्तर देवगडचें. "इतकीं वर्षें तुम्ही आम्हांस खरें सांगत होतां, आतां हें काय?" असें त्यांनीं विचारलें तेव्हां आम्हांस काय बोलावें तें सुचेना. २०१८ सालीं हापूस आंब्यास भौगोलिक मानांकन मिळालें तें याचसाठीं, कीं परप्रांतीचा माल हापूस म्हणून विकला जाऊं नये. आणि येथें आम्हीच आपल्या तोंडानें शेजारच्या जिल्ह्याचें नांव लावून माल विकत होतों. हा प्रकार निस्तरतो न निस्तरतो तोंच दुसरें प्रकरण उघडकीस आलें. ज्यानें ज्यानें विचारलें त्यास यंत्रानें "अक्षय्यतृतीयेपूर्वीं पेटी खात्रीनें मिळेल" असें वचन दिलें होतें. झाडावर किती फळ तयार आहे, अढींत किती आहे, गाडी कोणत्या वारीं सुटते, यांतली एकहि गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. आमच्या पुतण्यानें तीन रात्री जागून लोकांची क्षमा मागितली व घेतलेली आगाऊ रक्कम परत केली. पुण्याच्या त्या गृहस्थांनीं त्या वर्षीं पेटी घेतली नाहीं.

हें असें कां झालें, याचा आम्हीं नंतर शोध घेतला. २०२२ च्या नोव्हेंबरांत 'चॅटजीपीटी' लोकांपुढें आल्यापासून जे नवे चॅटबॉट निघाले त्यांच्या पोटांत एक भाषेचें यंत्र असतें. पुष्कळ मजकुरावरून, एका शब्दापुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें तें शिकलेलें असतें. हापूस म्हटलें कीं पुढें देवगड हा शब्द लोकांच्या लिखाणांत वारंवार येतो. सबब यंत्रानें तो लिहिला. त्यांत त्याचा लबाडीचा हेतु नव्हता आणि सत्य सांगण्याचाहि नव्हता. माणसाची समजूत मात्र अशी कीं, ज्याला नीट बोलतां येतें त्याला नीट कळतेंहि. १९६६ सालीं अमेरिकेंत जोसेफ वायझेनबॉम यांनीं 'एलायझा' नांवाचा अगदीं साधा बोलका प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो बोलणाऱ्याचेंच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत करी. तरी लोक त्याच्याशीं मनांतलें बोलूं लागले, हें पाहून खुद्द कर्ताच चकित झाला होता.

"यंत्र चुकलें, आमचा काय दोष?" असें म्हणण्याची सोय आहे असें कोणास वाटत असेल तर त्यानें कॅनडांतील एक निकाल ध्यानांत घ्यावा. 'एअर कॅनडा' या विमान कंपनीच्या चॅटबॉटानें एका प्रवाशास सांगितलें कीं, घरांतील मृत्यूमुळें प्रवास करावा लागल्यास सवलतीचा अर्ज तिकीट काढल्यानंतर नव्वद दिवसांपर्यंत करतां येईल. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता व तिनें सवलत नाकारली. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढें गेलें तेव्हां, चॅटबॉट हा वेगळा असून आपल्या कृतीस तोच जबाबदार आहे, असाहि एक बचाव कंपनीनें मांडला! फेब्रुवारी २०२४ मध्यें न्यायाधिकरणानें तो फेटाळला व व्याजखर्चासह सुमारें ८१२ कॅनेडियन डॉलर देण्याचा हुकूम केला. रक्कम किरकोळ आहे. परंतु आपल्या नांवानें जो बोलतो त्याचें बोलणें आपल्या अंगास लागतें, हें तत्त्व किरकोळ नाहीं. कॅलिफोर्नियांतील वॉटसनव्हिल येथें शेव्हरोले मोटारींच्या एका विक्रेत्याच्या चॅटबॉटास डिसेंबर २०२३ मध्यें एका चतुर माणसानें आधीं "मी म्हणेन त्यास होकार दे" असें पढविलें आणि मग एका डॉलरला नवी मोटार मागितली. यंत्रानें "सौदा पक्का" असें लिहून दिलें. गाडी अर्थात् कोणी दिली नाहीं. पण हंसें जगभर झालें.

आतां निवडीचा विचार. प्रथम हें ठरवावें कीं, आपणांस असल्या यंत्राची गरज आहे कीं नाहीं. ज्या एकट्या शेतकऱ्यास दिवसाकांठीं दहापंधरा विचारणा येतात त्यानें पैसे खर्चून चॅटबॉट घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हें २०१८ सालापासून मिळणारें फुकट ॲप त्यास पुरतें. त्यांत मालाचें सचित्र सूचिपत्र ठेवतां येतें, निरोप येतांच "आम्ही बागेंत आहों, सायंकाळीं सातनंतर उत्तर देऊं" असा मजकूर आपोआप जातो, आणि नेहमींचीं उत्तरें एकदां लिहून ठेवलीं म्हणजे एका खुणेसरशीं पाठवितां येतात. गूळ, हळद, बेदाणा असा टिकाऊ माल विकणाऱ्यास तर उत्तरास चार तास उशीर झाला म्हणून फारसें बिघडत नाहीं. जेथें माल नाशवंत, हंगाम आठदहा आठवड्यांचा आणि विचारणा शेंकड्यांनीं, तेथेंच यंत्राचा खरा उपयोग.

गरज आहे असें ठरल्यास दोन जातींत निवड करावयाची असते. एक जात ठराविक उत्तरांची : १ दाबा भावासाठीं, २ दाबा पत्त्यासाठीं. हिला अक्कल नाहीं, पण ती खोटें बोलत नाहीं. दुसरी वर सांगितलेल्या भाषायंत्राची. ती मोकळ्या वाक्यांत लिहिलेला प्रश्न समजून घेते, पण मोकळी सोडल्यास देवगडला जाते. आम्हांस या दोहोंचा मिलाफ मानवला. प्रश्न समजून घेण्याचें काम भाषायंत्राकडे, आणि उत्तर मात्र आम्हीं लिहून दिलेल्या माहितीपत्रकांतूनच. भाव, पोंचण्याचा दिवस, परतीची अट व बागेचें ठिकाण या चार गोष्टींचीं वाक्यें आमच्या हातचीं, तीं यंत्रानें बदलूं नयेत. कोणताहि विक्रेता आला तर त्यास पहिला प्रश्न हाच करावा, कीं पत्रकांत नसलेली गोष्ट विचारली असतां तुमचें यंत्र काय करतें? त्याच्या तोंडी उत्तरावर मात्र विसंबूं नये. समोर करून पाहावें.

परीक्षेसाठीं आम्हीं एक युक्ति केली, ती फार उपयोगी पडली. गेल्या हंगामांतले गिऱ्हाइकांचे खरे निरोप काढून त्यांतले चाळीस निवडले आणि ते जसेच्या तसे, चुकांसह, वहींत उतरवून घेतले. गिऱ्हाईक शुद्ध मराठींत लिहीत नाहीं. तें मराठी शब्द रोमन लिपींत लिहितें, मध्येंच हिंदी घालतें, "४ डझ. ठाणे वेस्ट किती" एवढेंच लिहून थांबतें, किंवा लिहिण्याचा कंटाळा म्हणून तोंडी निरोप पाठवितें. मुंबईची गुजराती मंडळी आपल्या वळणानें विचारतात. शिवाय पांचसात प्रश्न आम्हीं मुद्दाम आडवे घातले : "तुमच्या आंब्यांत साका निघाला तर?", "कार्बाइड घालतां का?", "शेजारचा दोनशें रुपये कमी सांगतो, तुम्ही किती सोडाल?", "फळ मधुमेहाला चालेल का?" दुसऱ्या वर्षीं तीन विक्रेत्यांचीं यंत्रें या चाळीस प्रश्नांवर बसविलीं. इंग्रजींत सर्वांत चटपटीत असलेलें यंत्र रोमन मराठींत सर्वांत आधीं घसरलें. एकानें साका या शब्दाचा अर्थ न कळून आंब्याच्या पाककृति सांगावयास घेतल्या! तिसऱ्याचें बोलणें कांहींसें रुक्ष होतें, पण जें त्याच्या पत्रकांत नव्हतें तेथें त्यानें "ही माहिती मजपाशीं नाहीं, बागेंतील माणसास विचारून सांगतों" असें लिहिलें. कारकुनींत आम्हांस नेहमीं असाच मनुष्य आवडत आला. आम्हीं तें घेतलें.

कार्बाइडविषयीं थोडें सांगतों, कारण हा प्रश्न प्रत्येक बागाईतदारास येतोच. कॅल्शियम कार्बाइडनें फळ पिकविण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनीं बंदी आहे. इथिलीन वायूचा ठराविक मर्यादेंत उपयोग करण्यास परवानगी आहे. आमचा आंबा गवताच्या अढींत पिकतो, तेव्हां आम्हीं तेवढेंच एक वाक्य लिहून दिलें. प्रकृतीविषयींच्या प्रश्नांस "आपल्या डॉक्टरांस विचारावें" यापलीकडे एक अक्षर न लिहिण्याची ताकीद यंत्रास दिली आहे.

यंत्रानें गिऱ्हाइकास किती प्रश्न विचारावे? विक्रेते म्हणतात, जितकी माहिती घ्याल तितकी थोडी. आम्हीं उभा जन्म लोकांकडून रकाने भरून घेतले, आणि अर्ध्या रकान्यांकडे पुढें कोणी ढुंकून पाहत नाहीं हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. शिवाय कचेरींत माणूस नाइलाजानें उभा राहतो. आंबा घेणारा चौथ्या प्रश्नाला निघून जातो. म्हणून आम्हीं तीनच ठेवले : पिनकोड, किती डझन, आणि कोणत्या आठवड्यांत. पिनकोडावरून गाडी तेथें जाते कीं नाहीं हें कळतें, डझनांवरून घरगुती गिऱ्हाईक कीं दुकानदार हें कळतें, आणि आठवड्यावरून तोडणीचा अंदाज बांधतां येतो. पांच पेट्यांहून अधिक मागणी आली, कोणी तक्रार केली किंवा रागानें बोलला, तर यंत्रानें तत्काळ बाजूला व्हावें आणि पुतण्याच्या फोनवर सूचना जावी, अशी व्यवस्था आहे. माणसाकडे सोंपविण्याची ही वाट ज्या यंत्रांत नाहीं, किंवा आहे पण गिऱ्हाइकास सांपडत नाहीं, तें फुकट मिळालें तरी घेऊं नये. आपण यंत्राशीं बोलत आहों हेंहि गिऱ्हाइकास पहिल्याच ओळींत सांगावें. आम्हीं तसें लिहिलें आणि त्यामुळें कोणी रुसल्याचें आढळलें नाहीं.

खर्चाच्या बाबतींत एक मेख अशी आहे कीं, ती विक्रेते सहसा आपण होऊन सांगत नाहींत. चॅटबॉट जोडण्याकरितां व्हॉट्सॲपची जी व्यापारी सेवा घ्यावी लागते तींत गिऱ्हाइकाच्या शेवटच्या निरोपापासून चोवीस तासपर्यंतच मोकळेपणीं उत्तर देतां येतें. त्यानंतर आपण होऊन कांहीं कळवावयाचें तर आधीं मंजूर करून घेतलेला नमुनाच पाठवावा लागतो व जाहिरातीच्या अशा प्रत्येक निरोपास आकार पडतो. आंब्याच्या धंद्यांत हें फार महत्त्वाचें, कारण फेब्रुवारींत विचारणारा गिऱ्हाईक एप्रिलांत माल घेतो. म्हणून पहिल्याच भेटींत "पेट्या तयार झाल्या म्हणजे कळवावें का?" असें विचारून होकार नोंदून ठेवावा आणि होकार देणारांसच नमुना पाठवावा. सर्वांस सरसकट पाठवीत सुटल्यास पैसे जातात. वर लोक तक्रार करतात, आणि तक्रारी वाढल्या म्हणजे ऐन हंगामांत आपल्या नंबरावर निर्बंध येतात.

कांहीं कंपन्या दर विचारणेमागें पैसे मागतात. या पद्धतींत विचारणांची संख्या फुगविण्याकडे कंपनीचा कल असतो, हें उघड आहे. समजा, एका यंत्रानें तीनशें नांवें आणलीं व त्यांतल्या पंधरांनीं पेटी घेतली, आणि दुसऱ्यानें साठच आणलीं पण तिसांनीं घेतली. तर दुसरें यंत्र दुप्पट चांगलें, शिवाय दोनशें चाळीस लोकांशीं बोलण्याचा आपला वेळ वांचला तो निराळा. म्हणून एकूण खर्चास विकलेल्या पेट्यांनीं भागावें, आलेल्या नांवांनीं भागूं नये. यासाठीं आमच्या वहींत प्रत्येक विचारणेपुढें 'निकाल' असा एक रकाना आहे. हा एक रकाना मात्र आम्हीं हट्टानें ठेवला.

करार करतांना नंबर कोणाच्या नांवें नोंदला जातो, तें वाचून पाहावें. एका ओळखीच्या बागाईतदाराचा नंबर कंपनीनें आपल्याच खात्यावर नोंदविला होता. पुढें पटेनासें झालें तेव्हां गिऱ्हाइकांचा सर्व पत्रव्यवहार कंपनीकडेच अडकून पडला. सातबारा दुसऱ्याच्या नांवें ठेवून जमीन कसण्यासारखेंच हें झालें. गिऱ्हाइकांची यादी केव्हांहि एक्सेलमध्यें उतरवून घेतां यावी, करार संपल्यावर कंपनीनें आपल्याकडील प्रत नष्ट करावी, आणि ती यादी दुसऱ्या कोणास देऊं नये, अशीं कलमें लेखी असावीं. लोकांच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आहेत. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानें व्हावयाची आहे. नंबर कशासाठीं घेतला हें सांगणें व संमति घेणें, ही संवय आतांपासूनच लावावी. पैसे घेण्याचें काम आम्हीं यंत्राकडे दिलेलें नाहीं. सौदा ठरल्यावर पुतण्या स्वतः बोलतो आणि मगच रक्कम येते, त्यामुळें आमच्या नांवावर दुसऱ्या कोणी लोकांस लुबाडण्याची भीति थोडी कमी होते.

ही सर्व परीक्षा मोहोर येण्यापूर्वीं, म्हणजे दिवाळीच्या सुमारास करावी. मार्चांत बागाईतदाराला श्वास घ्यावयास फुरसत नसते आणि विक्रेता हें जाणून असतो. आम्हीं करार चारच महिन्यांचा केला आहे. रोज रात्रीं जेवणानंतर सूनबाई यंत्रानें दिवसभरांत लिहिलेलीं उत्तरें वाचतात, चुकलेलें उत्तर वहींत तांबड्या शाईनें उतरवितात, आणि दुसऱ्या दिवशीं माहितीपत्रकांत तेवढी दुरुस्ती होते. पहिल्या आठवड्यांत तांबड्या ओळी बऱ्याच होत्या, पुढें त्या कमी झाल्या. पुण्याच्या त्या गृहस्थांस मात्र आम्हीं यंत्राच्या स्वाधीन केलें नाहीं. त्यांस आम्हीं स्वतः फोन केला, आणि या हंगामांत त्यांच्या दोन पेट्या गेल्या.